पुढचा बाक

रविवार, ९ जून

शेंडेफळास,

सलाम लिहायचा रिवाज आहे म्हणून सलाम. तुझी तब्येत विचारत नाही, ती कायम बरीच असते. फोन केला की "ताई, मीटिंगमध्ये आहे, मग करतो." तुझा तो 'मग' अजून उजाडायचाय. पत्राला मीटिंग नसते. ते दारात पडून राहतं आणि ओलांडून जाताना निदान माझं अक्षर तरी दिसतं. म्हणून आता पत्रच.

आज उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. हे नवे आलेत, तरुण आहेत, खूप शिकलेत, आवाज चढवत नाहीत. म्हणाले, "ताई, तुम्ही संडे स्कूल घेता म्हणून विचारतो. पापांगीकाराच्या प्रार्थनेला मुलं पाय का बाहेर काढतात? माझी चेष्टा करतात का?"

मला कळेना. मग त्यांनी मला वरून, ते उभे राहतात तिथून, मुलांच्या बाकांकडे बघायला लावलं. दोघीतिघी पोरी अजून तिथेच होत्या. म्हटलं, गुडघे टेकून दाखवा गं. तर काय! डावा गुडघा खाली, उजवा पाय सरळ बाहेर, कुणाला तरी अडखळून पाडायचं असावं असा. एका हाताने पुढचा बाक धरलेला आणि मान वाकडी करून डोळे फरशीवर. सगळ्यांचं अगदी सारखं.

मी हसले रे. मला हसूच आवरेना. कारण ते पपा होते! हुबेहूब आपले पपा. जन्मभर लोकांच्या घरात फरश्या बसवून त्यांचा उजवा गुडघा वाकायचा कधीच थांबला. पुढच्या बाकावर वाटेच्या कडेला बसतात, कठड्याला धरून डावा टेकतात, उजवा वाटेत सोडतात. आणि खाली का बघतात? ती फरशी त्यांनी बसवलीय ना. पायरीजवळचा एक तुकडा केसभर वर राहिलाय, तो त्यांना अजून खुपतो. प्रार्थना चालू असते आणि यांचं लक्ष त्या तुकड्यावर. मुलं मागच्या बाकांवर, बघणार कुणाकडे?

एक पोरगी आहे, सारखी 'का' विचारते म्हणून तिला आम्ही का-बाईच म्हणतो. तिला विचारलं, पाय का गं बाहेर काढतेस? म्हणाली, "टीचर, देव वाटेने जात असतो ना, तर त्याला अडवायला. म्हणजे तो पुढे निघून जात नाही."

पाळकसाहेबसुद्धा हसले, खोटं कशाला बोलू. मग म्हणाले, "ताई, मुलांना जरा नीट शिकवा. उभं का राहायचं, गुडघे का टेकायचे, मान का झुकवायची, हात का वर करायचे. त्यांनी समजून करावं, बघून नाही."

घरी येऊन पपांना सांगितलं. ते म्हणाले, "बघूनच तर शिकतात. चालायला कुणी समजून शिकलंय का?"

तुला आठवतं, लहानपणी तू पुढच्या बाकावर बसून सारखा मागे वळायचास आणि पपा तुझा कान पिळायचे? "पुढे बसणाऱ्याने मागे बघायचं नाही. मागचे गोंधळतात." सगळी मंडळी त्यांच्याकडे बघून उठते नि बसते. ते उठले की मागे सगळ्या बाकांचा आवाज होतो, आणि त्यांनी एकदाही वळून बघितलेलं मला आठवत नाही.

आणि हो, पपा विसरायला लागलेत. हे मी तुला फोनवर कितीदा सांगितलं. "वय झालं की होतंच" म्हणालास. काल त्यांनी आईला हाक मारली आणि ती का येत नाही म्हणून माझ्यावर चिडले.

ताई

रविवार, ७ जुलै

शेंडेफळा,

तुझा निरोप मिळाला. "ग्रेट! मुलांसोबत एन्जॉय कर." एवढं मोठं पत्र वाचून तुला एवढंच सुचलं, धन्य आहेस.

वर्ग चालू आहे. उभं राहण्यापासून सुरुवात केली. विचारलं, मोठं माणूस खोलीत आलं की आपण काय करतो? एक गुबगुबीत पोरगा आहे, फुग्या, तो म्हणाला, "मोबाइल लपवतो." म्हटलं बाबा, त्याच्याही आधी? "उठतो." झालं, उभं राहणं समजलं.

गुडघ्यांना जरा वेळ लागला. मी सांगितलं, देवापुढे आपण स्वतःला लहान करतो. का-बाई उठली, "मी आधीच लहान आहे. मग मी कशाला टेकू?" दाताच्या दवाखान्यात बसून बसून मला एकच वाक्य छान येतं, 'काही दुखणार नाही हं.' त्या वाक्याचाच मला पगार आहे. ते इथे चालेना. शेवटी म्हटलं, मोठी माणसं खाली येतात तेव्हा तुझ्याएवढी होतात, मग तू त्यांच्या शेजारी. हे तिला पटलं.

सगळ्यात अवघड हात. नवी गाणी आल्यापासून बरेच जण हात वर करतात. मी करत नाही, मला लाज वाटते. पपा तर चेष्टाच करायचे, "चर्च म्हणजे काय बस आहे? कुठल्या दांडीला लटकायचंय?" पण शिकवायचं तर होतं. मग मला शेजारणीचं बाळ आठवलं. दोन्ही हात वर करून उभं राहतं, बोलता येत नाही, पण कुणालाही कळतं की उचलून घे. मुलांना सांगितलं, हात वर करणं म्हणजे तेच. उचलून घे म्हणायचं.

का-बाई म्हणाली, "आणि नाही उचललं तर?"

मी म्हटलं, असं होत नाही. दुखणार नाही हं, त्याच चालीवर.

आता खरं सांगते, ज्यासाठी लिहायला बसले ते. गेल्या महिन्यात पपा उपदेशाच्या मध्येच उठले. आणि सवयीने अर्धी मंडळी उठली! गाणाऱ्यांनी गाणं सुरू केलं. पाळकसाहेबांचं वाक्य तोंडातच राहिलं. त्या दिवशी सगळे हसले, पपाही हसले. पुढच्या रविवारी शास्त्रवाचनाला सगळे उभे असताना ते खाली बसले. मागचे काही बसले, काही उभे, काही मध्येच वाकलेले. त्या दिवशी कमी लोक हसले. आज ते प्रार्थनेत उठले तेव्हा मुलं सगळीच्या सगळी उठली, आणि कुणीच हसलं नाही. बाहेर एक बाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला घरी का नाही ठेवत?"

मी तिला काय बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तू ये. चार दिवस ये. येऊन त्यांच्या शेजारी त्या बाकावर बस. उठायची वेळ झाली की कोपराला नुसता हात लाव, त्यांना बास होतो. मला तिथे बसता येत नाही, मुलं माझ्याकडे असतात. पपांकडे आता दुसरं काही उरलेलं नाही. आईचं नाव जातं, घराचा रस्ता जातो, पण रविवारी सकाळी बूट घासायचे हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. तो बाक गेला तर पपा गेले म्हणून समज.

ताई

मंगळवार, २३ जुलै

काय म्हणून हाक मारू तुला, समजत नाही.

गेल्या आठवड्यात पाळकसाहेब दवाखान्यात आले. दात दुखत नसताना माणूस दाताच्या दवाखान्यात आला की समजावं, दुसऱ्याचं काहीतरी उपटायचंय. बाकावर पेशंटांच्या रांगेत बसले, घाम पुसला, आणि हळू आवाजात म्हणाले, "कमिटीत विषय निघाला होता, ताई. पपांसाठी मागे दाराजवळ चांगली खुर्ची ठेवू. पंखा आहे, बाथरूमही जवळ."

मी म्हटलं, "ते पुढेच बसतात."

"तुमच्या भावाचंही तेच मत पडलं. किंबहुना ते म्हणाले, घरीच ठेवलं तर पपांची शोभा राहील."

"त्यांना तुम्ही फोन केलात?"

"नाही, त्यांचाच आला होता."

शाब्बास! त्या दिवशी मीटिंग नव्हती वाटतं. मी इथे गळा काढून सांगतेय, ये, ये, आणि तू तिथे बसून पाळकांना फोन करतोस! उंटावरून शेळ्या हाकणं तुझी जुनी सवय आहे, ती मी धरत नाही. पण हा तू केसाने गळा कापलास. शोभा म्हणे. तुला त्यांची शोभा राखायचीय की तुझी? कुणीतरी तुला कळवलं असणार, तुमचे वडील मध्येच उठतात, आणि तुला तिकडे बसल्याजागी लाज वाटली.

मी आवाज चढवला. पेशंट बघत होते, बघू देत. म्हटलं, "साहेब, तुम्ही ज्या फरशीवर उभं राहून बोलता ती त्यांनी बसवलीय. दिवसभर लोकांची कामं करून संध्याकाळी यायचे आणि चर्चची करायचे, आई कंदील धरायची. त्या फरशीवर त्यांनी कुठे बसायचं हे त्यांना कमिटी सांगणार?"

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. माणूस वाईट नाही रे, तेच तर दुखणं आहे. वाईट असता तर भांडून मोकळी झाले असते. मग म्हणाले, "त्यांचं उठणं-बसणं मला अडत नाही, ताई. सगळी मंडळी त्यांच्या मागे जाते, ते अडतं. त्यांच्याकडे बघून कुणी उठलं नाही तर ते पुढेच बसू देत. मोठ्यांना मी सांगतो. मुलांना तुम्ही सांगा."

मी हो म्हटलं. बाक वाचला म्हणून मला हायसं वाटलं. बाहेर जाऊन पाणी प्यायले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मग परवा रविवारी वर्गात मुलांना सांगितलं, आता आजोबांकडे बघायचं नाही. मी दुसऱ्या बाकाच्या टोकाला बसते, माझ्याकडे बघायचं. नुसतं सांगून काय होतंय, म्हणून खेळ घेतला. मी आजोबा झाले. मी मध्येच उठायचं, जो उठेल तो बाद. पहिल्यांदा सगळे बाद. फुग्या तर सारखाच बाद, बिचारा उठायचा आणि मग तोंडावर हात ठेवायचा. हसून हसून पोरं लोळली. मग हळूहळू जमायला लागलं. शेवटी मी उठत होते आणि कुणीही उठत नव्हतं.

तुझ्या वाट्याचं काम मी केलंय. आता तरी ये.

ताई

रविवार, ४ ऑगस्ट

आज काय झालं ते लिहिते, म्हणजे तुला पाळकांना फोन करून विचारायला नको.

प्रभुभोजनाच्या आधी सगळे शांत बसतात, ती वेळ. बाजा थांबलेला, पाळकसाहेब डोळे मिटून. पपा उठले. कठड्याला धरून, उजवा पाय ओढत, नीट सरळ उभे राहिले. आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

पपांनी! बस म्हणून चेष्टा करणाऱ्यांनी. सिमेंटने फाटून गेलेली ती बोटं वर पसरली आणि ते तसेच थांबले. कशासाठी थांबले ते मला लगेच कळलं. त्यांना मागे बाकांचा आवाज यायची सवय आहे. सगळे उठतात तो आवाज. तो आला की पुढे काय करायचं ते त्यांना आपोआप सुचतं.

तो आलाच नाही.

मोठे खाली मान घालून बसले होते, त्यांना सांगितलेलं होतं. मुलांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनी. मी उठले असते तर सगळी उठली असती, आणि पुढच्या रविवारी पपा दाराजवळच्या खुर्चीत गेले असते. मी मांडीवर हात ठेवून बसून राहिले. फुग्या अर्धा उठला होता, का-बाईने त्याचा शर्ट धरून त्याला खाली ओढलं.

मग पपांनी मागे वळून बघितलं.

अख्ख्या जन्मात पहिल्यांदा. हात वरच होते. एकेका बाकाकडे बघत बघत त्यांची नजर माझ्यावर आली. मी मान खाली घातली. देवापुढे मान का झुकवायची ते मी मुलांना छान शिकवलंय, पण ही मान त्यासाठी झुकली नव्हती.

त्यांनी आधी एक हात खाली घेतला, मग दुसरा. बसले. आणि मला विचारलं, त्यांना कमी ऐकू येतं म्हणून मोठ्याने, अख्ख्या चर्चला ऐकू जाईल असं, "चुकलं का गं माझं?"

"नाही हो, पपा," मी म्हटलं. त्याच वाक्याचा मला पगार आहे.

बाहेर पाळकसाहेबांनी माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. म्हणाले, "मुलं किती शहाण्यासारखी बसली, ताई. समजून वागली."

हो, समजून वागली. मी चांगली शिकवते.

ताई

रविवार, १ सप्टेंबर

शेंडेफळा,

तुझं उत्तर आलं. या वेळी चक्क पत्र! "सगळं शांततेत पार पडलं हे बरं झालं. आता त्यांनीच जायचं बंद केलंय तर आग्रह करू नकोस." ते जात नाहीत हे तुला पाळकांकडूनच कळलं असणार. सुंठीवाचून खोकला गेला, नाही का? आणि शेवटी, पुढच्या आठवड्यात येतोस, पपांना समजावतोस.

काय समजावणार आहेस? ते रविवारी उठतात, बूट घासतात, घालतात, कॉलरचं बटण लावतात, आणि दारापर्यंत येऊन म्हणतात, "आज गुडघा धरलाय, तू जा." चार रविवार झाले, दरवेळी आजच धरल्यासारखं सांगतात. सगळं विसरणारा माणूस, तो रविवार तेवढा विसरत नाही. मी देवाकडे मागितलं, हे एक विसरू दे त्यांना. बाकी सगळं घेतलंस, आईचं नाव घेतलंस, मग हेच का ठेवलंस? अजून तरी ऐकलेलं दिसत नाही.

पुढचा बाक रिकामा आहे. कमिटीने तो कुणाला दिला नाही, मान म्हणून. मान! मंडळी आता पाळकसाहेबांनी हात केला की उठते, खाली केला की बसते. एकाचीही चूक होत नाही.

पपा आले नाहीत त्या दुसऱ्याच रविवारी वर्गात का-बाईने विचारलं, "टीचर, आम्ही त्या दिवशी उठलो नाही. बरोबर केलं ना?"

म्हटलं, "बरोबर केलं."

"मग आजोबा का येत नाहीत?"

मी खडू शोधायला लागले. तिने काही सोडलं नाही. "आता वाटेत पाय कुणाचाच नसतो," ती म्हणाली. "देव सरळ निघून जात असेल."

मी वर्ग पाळकीणबाईंच्या हातात दिला आणि घरी आले. आता रविवारी मी जात नाही. पाळकसाहेब दोनदा येऊन गेले, पपांच्या समोर बसून प्रार्थना केली, पपांनी डोळे मिटले नाहीत. जाताना दारात ते मला म्हणाले, "माझं चुकलं का, ताई?" त्यांना मी 'नाही हो' म्हटलं नाही. पगार फक्त दवाखान्यातल्यांसाठी आहे.

तर तू येतोयस. ये. पण आधी ऐकून घे.

रविवारी सकाळी चर्चच्या वेळेला आम्ही स्वयंपाकघरात चहा पीत बसतो. बूट पायात असतातच. मध्येच पपा उठतात. कधी नुसते टेबलाला धरून उभे राहतात, कधी हात वर करतात. तोंड भिंतीकडे, पाठ माझ्याकडे. पहिल्यांदा मी म्हटलं, बसा हो पपा, चहा निवतोय. तेव्हा ते पुन्हा मागे वळले, आणि मी तो चेहरा पुन्हा बघितला. त्यानंतर मी तसं म्हणत नाही. मी हातातला कप खाली ठेवते आणि उठते. उठताना खुर्ची मुद्दाम मागे ढकलते, फरशीवर घासून चांगला आवाज होईल अशी. मग दुसरी रिकामी खुर्चीही ढकलते. तो आवाज झाला की त्यांची मान सरळ होते, आणि ते मागे बघत नाहीत. किती वेळ उभं राहायचं ते तेच ठरवतात. माझे पाय भरून येतात, पण मी बसत नाही.

ती रिकामी खुर्ची तुझी आहे. जड आहे, तू तिच्यात बसून उठलास तर जास्त आवाज होईल. का उठायचं, हे त्यांना विचारायचं नाही, मलाही नाही, आणि समजावायचं तर अजिबात नाही. ते उठले की उठायचं, बस्स.

हे जमत असेल तर रविवारच्या आत ये. आणि फोन वाजला म्हणून बसूनच राहणार असशील, तर तिथेच बस.

ताई